घड्याळ चालू आहे, साहेब

जुनं मनगटी घड्याळ विकणाऱ्याच्या ‘घड्याळ चालू आहे, साहेब’ या वाक्यातलं ‘चालू’ घड्याळालाच लागू आहे असं समजू नये. बंद पडलेलं चावीचं घड्याळही दोनदा हलवलं की मिनिटभर टिकटिकतं, आणि ठाण्याला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली उभ्याउभ्या सौदा उरकायला मिनिटभर पुरतं. वर ‘आजोबांचं आहे, फक्त लग्नकार्यात घालायचे.’ आजोबांना आमंत्रणं फार असावीत, कारण पट्टा अडकतो तिथलं क्रोम उडून पितळ दिसतंय. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलंय ना? मग स्टील तेवढ्या पाठीलाच.

मला खरी धास्ती चकचकीत डायलची. एचएमटीने बंगळुरूला सिटिझनच्या सहकार्याने 1961 साली घड्याळं करायला घेतली. त्यांच्या जुन्या ‘जनता’ मॉडेलची डायल आमरसासारखी पिवळीधमक दिसली, तर रंग बहुतेक परवाचा. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून अक्षरं बघतो. मूळ छपाईला धार असते. रंगवलेल्यात अक्षरं सुजतात आणि मिनिटांच्या रेघा दारू प्यायल्यासारख्या कलतात.

मग चावी. साधारण 25 ते 30 पिळांनंतर ती अडली पाहिजे. अडली की जोर करायचा नाही. फिरतच राहिली तर मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, तुटलेली. बोट सोडताच गर्रकन उलटी फिरली तर क्लिक, म्हणजे पीळ धरून ठेवणारा खटका, गेलेला. चावी ओढून काटे फिरवताना हाताला काहीच लागत नसेल, तर काटे मागे पडणार. बाराला दोन्ही काटे एकमेकांना घासतात का, तेही बघायचं.

आता कान. या मशीनचे तासाला 18000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, एकसारखे. लंगडत असेल तर बॅलन्सची, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाची तक्रार. मोबाइलवरचं अ‍ॅप अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे ते चाक किती झुलतं, तेही सांगतं: 270 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, 200 च्या खाली असेल तर बहुधा तेल सुकलंय. फक्त पुलाखाली ते घड्याळाऐवजी रिक्षाचं इंजिन मोजतं. मासुंदा तलावाच्या काठावर आडोसा बघावा. दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जाणाऱ्याला घाबरू नये. लोहचुंबकाची बाधा असेल तर कारागीर ती चुटकीसरशी उतरवतो.

‘झाकण उघडू का?’ म्हटलं की मालकाचा चेहरा बदलतो. आत चावीच्या दांड्याशी गंज आणि कुरतडलेले स्क्रू. मी सर्व्हिसिंगचा खर्च वजा करून आकडा सांगतो, आणि त्याला पुन्हा आजोबा आठवतात.