विचित्र सुरुवातीने बुद्धिबळाचं इंजिन गोंधळत नाही

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. कॉम्प्युटरला हरवायचंय ना? मग पहिल्याच चालीला राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं ढकला (जी४), नाहीतर दुसऱ्या चालीला थेट राजाच बाहेर काढा. कॉम्प्युटर ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करून खेळतो, पाठांतराबाहेर गेला की गडबडतो. माजी जगज्जेता कास्पारोव्हने हेच केलं, ग्रँडमास्टर नाकामुरानेही हेच केलं, आपल्या मुलालाही जमेल. मी मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि या सल्ल्यापायी चांगल्या मुलांचे डाव बिघडताना पाहते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी पाठांतराचं. जुन्या प्रोग्रॅमना ओपनिंगच्या चालींचा साठा दिलेला असायचा हे खरं. पण त्या साठ्याने वेळ वाचायचा, एवढंच. तो संपला की यंत्र आकडेमोड सुरू करतं, आणि त्याची खरी ताकद तीच आहे. आजच्या स्टॉकफिश या इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तर स्वतःचा असा साठाच नाही, ते पहिल्या चालीपासून हिशोब करतं. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमला फक्त नियम सांगितले होते. ते स्वतःशीच खेळून शिकलं आणि स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत २८ जिंकलं, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. ज्याने काही पाठच केलेलं नाही, त्याला पाठांतराबाहेर नेणार तरी कसं? इंजिनांच्या आपसातल्या स्पर्धांमध्ये आयोजक मुद्दाम वाकड्या, एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती देतात, कारण नाहीतर बहुतेक डाव बरोबरीत सुटतील. म्हणजे विचित्र सुरुवात हा या यंत्रांचा रोजचा रियाज आहे.

आता कास्पारोव्ह. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरविरुद्ध तिसऱ्या डावात त्याने पहिली चाल वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवण्याची केली. जगज्जेता अशी चाल खेळतो तेव्हा हेतू उघड असतो, यंत्राला तयारीबाहेर ओढायचं. पण डीप ब्लू शांतपणे खेळलं आणि डाव बरोबरीत सुटला. सहाव्या, निर्णायक डावात कास्पारोव्हने काळ्याकडून नेहमीची सिसिलियन ही ओपनिंग सोडून कारो-कान घेतली आणि सातव्या चालीला कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. डीप ब्लूने घोड्याचा बळी दिला. गंमत पाहा, हा बळी त्याच्या साठ्यातलाच होता! १९ चालींत डाव संपला आणि कास्पारोव्हने सामना साडेतीन-अडीचने गमावला.

त्याच कास्पारोव्हने आदल्या वर्षी फिलाडेल्फियात डीप ब्लूला ४-२ ने हरवलं होतं. त्यातला शेवटचा डाव मी मुलांना दरवर्षी दाखवते. ओपनिंग साधी स्लाव, आपल्याकडची मुलंही खेळतात तीच. पण कास्पारोव्हने प्याद्यांनी जागा आवळत नेली आणि शेवटी डीप ब्लूची मोहरी वजिराच्या बाजूला एकमेकांच्या पाठीशी कोंडून बसली. तो जिंकला तो पटाच्या जाणिवेवर.

नाकामुराचा डावही तसाच. २००८ मध्ये इंटरनेटवर तीन-तीन मिनिटांच्या डावात त्याने रिब्का या इंजिनाला २७१ चालींत हरवलं. प्याद्यांची भिंत बांधून पट बंद केला आणि मागे मोहरी इकडून तिकडे हलवत बसला. रिब्काला वाटत होतं आपण पुढे आहोत. पन्नास चालींत कुणी प्यादं हलवलं नाही की काही मारलं नाही तर बरोबरी मागता येते. ती होऊ नये म्हणून रिब्काने स्वतःच भिंत फोडली आणि ते कोसळलं. यात काम केलं ते बंद पटाने आणि त्या काळातल्या यंत्राच्या उणिवेने. स्टॉकफिशमध्ये २०२० पासून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी यंत्रणा) आलंय, अशा पटाची समज आता कितीतरी वाढली आहे.

युक्त्यांचं आयुष्य किती असतं, ते बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्हीकडे पाहून कळतं. कोणताही प्रोग्रॅम आपल्याला दहा वर्षांत हरवू शकणार नाही, अशी पैज त्याने १९६८ मध्ये लावली आणि १९७८ मध्ये जिंकली. यंत्राविरुद्ध घाई न करता, शांतपणे वाट पाहत खेळायचं ही त्याची रीत. १९८९ मध्ये डीप थॉट या कॉम्प्युटरने त्याला ४-० ने हरवलं.

राहिला शेवटचा मुद्दा, “आमच्या मुलाने हरवलंय की!” सहावीतला एक विद्यार्थी हेच सांगत आला. “ताई, जी४ खेळलो आणि जिंकलो.” मी विचारलं, “कुठल्या लेव्हलला रे?” तर तिसऱ्या. खालच्या लेव्हलला यंत्र मुद्दाम चुका करतं, नवशिक्याचा उत्साह टिकावा म्हणून. मी लॅपटॉपवर पूर्ण ताकदीचं इंजिन लावलं. त्याने जी४ केलं, इंजिनाने डी५. त्याने उंट जी२ ला आणला, इंजिनाने उंटाने त्याचं प्यादं मारलं. मग त्याने सी४ केलं आणि हात चोळत बसला, कारण सापळा इथेच आहे. काळ्याने ते प्यादं मारलं की पांढरा उंट बी७ चं प्यादं घेतो आणि कोपऱ्यातला हत्ती अडकतो. इंजिनाने क्षणात सी६ ला प्यादं नेऊन डी५ ला आधार दिला. “ताई, हे घेतच नाही!” नाहीच घेत. माणूस चकतो, कारण तो घाबरतो, घाईत मारतो, घड्याळ बघतो. इंग्लिश ग्रँडमास्टर टोनी माइल्सने १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारात कारपोव्हच्या पहिल्याच चालीला कडेचं प्यादं एक घर सरकवून उत्तर दिलं आणि जगज्जेत्याला हरवलं, पण समोर कारपोव्ह हा माणूस होता.

तो मुलगा त्या दिवशी एक प्यादं गमावून बसला आणि पुढच्या वीसेक चालींत मात झाला. मग मी पट फिरवला, काळी मोहरी त्याच्याकडे दिली आणि जी४ मीच केलं. सी४ आल्यावर तो पाच मिनिटं गप्प बसला. हात दोनदा डी५ च्या प्याद्याकडे गेला, दोनदा मागे आला. शेवटी त्याने सी६ केलं.