पत्ता आणि पात्रता

दहावी-बारावीचा किंवा एमपीएससीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिक्षावाल्याच्या मुलीनं परिस्थितीवर कशी मात केली, ही बातमी फिरू लागते. पाठोपाठ ठरलेला मेसेज येतो: जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही, मग आरक्षण हवंच कशाला? हा दुसरा मेसेज बहुतेक वेळा आम्हा अमेरिकेतल्या मंडळींपैकी कुणीतरी टाकतं.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. त्यामुळे असला वाद सुरू झाला की मला काळा अमेरिकी लेखक रिचर्ड राइट याची ‘नेटिव्ह सन’ आठवते. १९४० सालची ही कादंबरी याच शहराच्या साउथ साइडला घडते. वीस वर्षांचा काळा तरुण बिगर थॉमस, त्याची आई, भाऊ आणि बहीण, सगळे एकाच खोलीत. पहिल्याच प्रसंगात खोलीत शिरलेली घूस तो लोखंडी तव्यानं मारतो. भाडं आठवड्याला आठ डॉलर. मग त्याला डाल्टन नावाच्या श्रीमंताकडे ड्रायव्हरची नोकरी मिळते. ती खोली ज्या कंपनीची, तिचा कारभार अखेर याच डाल्टनच्या हातात असतो.

डाल्टन खलनायक नाही, ही राइटची खरी कमाल. तो काळ्यांच्या शाळांना देणग्या देतो, पोरांच्या क्लबला पिंगपाँगची टेबलं पाठवतो. मात्र काळ्यांना घरं देतो ती ठरावीक वस्तीतच, आणि गोऱ्यांपेक्षा चढ्या भाड्यानं. असं का, म्हणून पुढे एका चौकशीत बिगरचा वकील विचारतो तेव्हा तो जुन्या रिवाजाकडे बोट दाखवतो. काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही, अशा अटी तेव्हा शिकागोतल्या कित्येक घरांच्या कागदपत्रांतच असत. न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये दिला. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही दलित कथा वाचलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथंही आधी खोलीचाच प्रश्न असतो.

आता परिस्थितीनं सगळंच माफ होतं का? नाही. मालकाच्या मुलीचा, मेरीचा जीव बिगरच्या हातून घाबरून जातो. आपल्या मैत्रिणीला, बेसीला मात्र तो विचार करून मारतो, आणि तीही त्याच वस्तीतली, त्याच्याइतकीच पिचलेली. असल्या कादंबरीत माणूस हरवतो आणि नुसता निषेध उरतो, अशी जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकाची तक्रार होती. मला ती अर्धी पटते. पण ग्रुपवरचं म्हणणं ‘परिस्थिती म्हणजे सर्वस्व नव्हे’ इतकं साधं नसतं. परिस्थिती मोजायचीच नाही, असा तो हट्ट असतो.

आणि हट्ट धरणारे आम्ही कोण? १९६५ चा स्थलांतराचा कायदा येण्याआधी भारतीयांसाठी इथे वर्षाला जेमतेम शंभरांचा कोटा होता. नागरी हक्कांच्या चळवळीनं देशाची हवा बदलली त्या काळात तो कायदा झाला, म्हणून आमच्यासाठी दार उघडलं. इलिनॉयमध्ये सरकारी शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. जिथे घरं महाग, तिथली शाळा सधन. म्हणून घर घेताना आमची मराठी मंडळी स्वयंपाकघराच्या आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कुठल्या सरकारी शाळांच्या हद्दीत येतं ते, बघतात आणि त्यासाठी दुप्पट हप्ता भरायलाही तयार असतात. ‘पोरात धमक असेल तर कुठल्याही शाळेत चमकेल’ असं घर बघायला निघालेल्या बापाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. त्यांचं चुकतं असं नाही, मीही तेच केलं. पण परिस्थितीवर इतका भरवसा ठेवून तीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्यानं निदान रिक्षावाल्याच्या मुलीला साक्षीला उभं करू नये.

तिच्या बातमीत अभ्यासिकेचं नाव असतं, क्वचित फीमाफीचा उल्लेख असतो. त्याच अभ्यासिकेत तिच्या शेजारी बसूनही यश न मिळालेल्यांचं काय झालं, असं मी एकदा ग्रुपवर विचारलं. अ‍ॅडमिननं लिहिलं, ‘कृपया इथे राजकारण नको.’