बिल आत्याच्या नावावर, मग पासवर्ड कुणाच्या?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

ज्या इंटरनेटचे पैसे आपण आगाऊ भरतो, त्याचं युजरनेम-पासवर्ड आपल्यालाच मिळत नाही, हे कुणाला खटकत कसं नाही? गॅसचं नवीन कनेक्शन घेताना ‘शेगडी आमच्याकडूनच घ्या’ म्हणणाऱ्या एजन्सीवाल्यांशी आपले आईवडील काउंटरवर भांडलेत. आणि आपण, शिकलेसवरलेले, फायबरवाला भिंतीवर ठोकेल तो डब्बा (म्हणजे कंपनीचा मोडेम-राउटर) गपगुमान ठेवून घेतो.

साताऱ्याला माझी आत्या एकटी राहते. निवृत्त शिक्षिका. घर जुनं, दगडी, भिंती दीड-दोन फुटी. फायबरची तार पुढच्या दारातून आत आली म्हणून कंपनीचा डब्बा पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून. आत्याचा सगळा दिवस जातो स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत, आणि तिथे रेंज नाही. मुलगा जर्मनीत. त्याचा व्हिडिओ कॉल आला की दुखरे गुडघे घेऊन तिला बाहेर येऊन बसावं लागतं.

म्हणून मी चांगला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हींवर वायफाय देणारा) राउटर आणि लांब लॅन केबल घेऊन गेले आणि फायबरवाल्या मुलाला बोलावून घेतलं. मागणं एवढंच होतं: डब्बा ब्रिज मोडवर टाक आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडून घ्यायच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड दे. मग डब्ब्याला फायबरमधून आलेला सिग्नल केबलमध्ये उतरवण्यापुरतंच काम राहतं. लॉगिन, वायफाय, फायरवॉल सगळं आमचा राउटर बघेल.

“ताई, बाहेरचा राउटर आपल्या सिस्टीमला चालत नाही.”

का चालत नाही? “वरून बंद आहे.” पासवर्ड? “तो ऑफिसला असतो.” ऑफिसला फोन लावला तर ‘सिक्युरिटी पॉलिसी’. आणि त्याच दमात, मागच्या खोलीसाठी आमचाच दुसरा डब्बा लावून देतो, भाडं महिन्याच्या बिलात येईल.

आत्या इतका वेळ गप्प ऐकत होती. म्हणाली, “बाळा, बिल माझ्या नावावर येतं ना? मग पासवर्ड कुणाच्या नावावर आहे?”

पोरगा खाली बघायला लागला.

सिक्युरिटी म्हणे! जोडणी देताना याच लोकांनी आत्याच्या वायफायचा पासवर्ड ठेवला होता तिचा मोबाइल नंबर. तुमच्या गल्लीत विचारून बघा, निम्म्या घरांत हेच निघेल. सेटिंगच्या पानाचं लॉगिन डब्ब्याच्या बुडाला चिकटवलेलं, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं असं. वर डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडून घ्यायची सोय, चालू. त्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ मध्येच जगजाहीर झाली आहे: पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पण सत्तरीतल्या बाईला तिच्याच जोडणीचा पासवर्ड दिला की सुरक्षा धोक्यात! कंपनी मात्र टीआर-०६९ ही दुरून राउटर हाताळायची पद्धत वापरून ऑफिसात बसल्या बसल्या त्या डब्ब्याची सेटिंग बदलू शकते.

बरं, मान्य करते. कुणी कसलाही स्वस्तातला राउटर लावतो आणि नेट रखडलं की शिव्या कंपनीला घालतो, असं होतं. मग तसं लिहून घ्या ना, की राउटर तुमचा, त्याची तक्रार आम्ही घेणार नाही. आत्या आनंदाने सही करेल.

आणि त्या मुलावर माझा राग नाही. भर पावसात शिडी खांद्यावर घेऊन खांबावर चढतो बिचारा. त्याला वरून सांगितलंय तेच तो बोलतो. आत्याने त्याला चहा दिला, तेव्हा हळूच म्हणाला, “ताई, मी दिला असता हो, पण आमच्याकडे पण नसतो.” खरंच असेल.

शेवटी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे तो फक्त वायफाय देतो, लॉगिन डब्ब्याकडेच राहतं), डब्ब्याच्या लॅन पोर्टमधून केबल मधल्या खोलीत ओढली आणि राउटर कपाटावर उंच ठेवला. बुडाच्या लॉगिनने वायफायचं पान तेवढं उघडतं, तिथून डब्ब्याचं वायफाय आणि डब्ल्यूपीएस बंद केलं. आमच्या राउटरच्या वायफायला नवीन नाव, नवीन लांब पासवर्ड, सुरक्षेला डब्ल्यूपीए२. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ यांतला जो मोकळा दिसेल तो. दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ दम तोडतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला फोन २.४ वरच ठेवला. आता ओट्याजवळ उभं राहून कॉल लागतो.

म्हणाल, मग झालं की काम! नाही झालं. लॉगिन अजून त्यांच्या डब्ब्यात आहे. फायरवॉल त्यांची, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) ते देतील तो. उद्या तो डब्बा जळला तर दुकानातून दुसरा आणून लावायची सोय नाही, त्यांच्या माणसाची वाट बघत बसायचं. एकट्या राहणाऱ्या बाईने!

संध्याकाळी आतेभावाला हे सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. त्याच्याकडे, जर्मनीत, १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे. राउटर कुठला लावायचा ते ग्राहक ठरवतो, आणि जोडणीची लॉगिन माहिती करार करतानाच, न मागता, फुकट आणि लेखी द्यावी लागते. आईसाठी तिथून काही करता येत नाही म्हणून तो बराच वेळ गप्पच होता. मलाही मग पुढे बोलवेना.

आपल्याकडे असा नियम व्हायला हवा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, करावा, आणि तोवर आपण मागत राहावं. फॉर्मवर सही करण्याआधी विचारा: ब्रिज मोड देणार का, पीपीपीओईचा पासवर्ड लिहून देणार का. नाही म्हणाले तर दुसऱ्या कंपनीला विचारा. गावात दुसरी कंपनीच नसेल तर निदान तक्रार नोंदवा.

आत्याच्या नावाने आज रीतसर तक्रार केली आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर तिनेच तिच्या वहीत लिहून घेतला. मुदतीत उत्तर आलं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाणार. अर्जाचा मसुदा आत्या स्वतः करतेय. कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.