८ तासांची ती लॅब वाया जात नाही

‘क्लाउड आल्यापासून सीसीआयई म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद’ हे सीसीआयईवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सीसीआयई म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीचं तज्ज्ञ पातळीचं प्रमाणपत्र; त्यासाठी ८ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजेच लॅब, द्यावी लागते. हिंजवडीत नाइट शिफ्टला असताना एकदा राउटर बदलल्यावर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) एक्सस्टार्टलाच, म्हणजे शेजारच्या राउटरशी जुळणीच्या सुरुवातीच्या पायरीवरच, अडकलं. जोडणी तपासायचं साधं, छोटं पिंग व्यवस्थित जात होतं, म्हणून आम्ही तिघं दोन तास केबल आणि कॉन्फिग चाळत बसलो. आमच्या सीसीआयई झालेल्या सीनियर ताईंनी फोनवरच विचारलं, “दोन्हीकडचा एमटीयू बघितलास का रे?” एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार; तो एकीकडे १५०० बाइट, दुसरीकडे ९०००. पाच मिनिटांत लिंक वर आली. ही नजर ८ तासांच्या लॅबसाठी वर्ष-दीड वर्ष रात्री जागून घासल्यावरच येते. शिवाय २०२० पासून त्या लॅबमध्ये ऑटोमेशनही (नेटवर्कची कामं प्रोग्राम लिहून करणं) आहे, ते लेखात यायलाच हवं होतं.

हे सगळं फार खर्चिक आहे, हे लेखकाचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. पहिल्या नोकरीआधीच कर्ज काढून क्लास लावणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. सिस्कोची पूर्वअट काहीच नाही, पण ५ ते ७ वर्षांचा अनुभव असावा असं ती स्वतःच सुचवते. क्लासवाल्यांनी फी घेण्याआधी एवढं तरी सांगावं.