बंदीचे रान आणि आमची राई

"ताई, तुमच्या तिकडं डोंगरात एवढी मोठाली हॉटेलं आहेत, तरी डोंगर जागेवर आहे. मग आपल्याकडंच हॉटेल म्हटलं की एवढा विरोध का?" माझ्या धाकट्या भावाने गेल्या महिन्यात फोनवर हा प्रश्न विचारला आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आमचे गाव जावळी तालुक्यात आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे नियोजन सोपवलेल्या नवीन महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थानाच्या प्रकल्पात सातारा जिल्ह्यातील २३५ गावे आली, त्यांत आमचेही आले. पुढे ही यादी आणखी लांबली. २०२४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. पोरांना मुंबईला ओझी उचलायला जावे लागणार नाही, असे एक तट म्हणतो. सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची पठारे, आणि पाणी दोन्ही हातचे जातील, असे दुसरा म्हणतो. आपल्या बाजूने बोलताना दोघेही स्वित्झर्लंडचे नाव घेतात.

मी १४ वर्षे स्वित्झर्लंडमधील लुझर्नमध्ये राहते आणि डोंगरातल्या हॉटेलांना दूध, लोणी आणि चीज पुरवणाऱ्या एका संस्थेचे हिशेब पाहते. कामानिमित्त अँडरमाट या गावी माझे जाणे-येणे असते. भावाच्या प्रश्नाचे उत्तर मी तिथूनच शोधते आहे, कारण दीड हजाराच्या आसपास वस्तीच्या त्या गावात गेल्या वीस वर्षांत जे घडले, ते जावळीत घडू घातलेल्या गोष्टीशी बरेच मिळतेजुळते आहे.

अँडरमाट उर्सेरन नावाच्या उंच दरीत, समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. गोटहार्ड घाटाच्या तोंडाशी असल्याने पिढ्यान्‌पिढ्या हे लष्कराचे गाव होते. लष्कराने तेथील पसारा आवरता घेतला, तेव्हा लोकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा समीह साविरिस हे इजिप्तचे उद्योगपती तेथे आले आणि त्यांनी हॉटेले, सदनिका, गोल्फचे मैदान आणि स्कीचे उतार अशी मोठी योजना मांडली. गावाने तिला भरघोस पाठिंबा दिला. डिसेंबर २०१३ मध्ये 'द चेडी' हे पंचतारांकित हॉटेल सुरू झाले. गडद लाकूड, जागोजागी पेटलेल्या शेगड्या, लांबच लांब उष्ण पाण्याचा तलाव, आणि भोजनगृहात छताला भिडलेले चीजचे काचेचे कपाट. त्या कपाटापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा काचेपलीकडच्या चाकांच्या सालीवरचे शिक्के वाचत राहिले. कोणते चीज कोणत्या कुरणावरचे, हे तिथे शिक्क्यावरून कळते, आणि 'आल्प' हा शब्द असा छापायचा तर दूध खरोखर उन्हाळी कुरणावरचे असावे लागते. त्यासाठी देशात स्वतंत्र नियम आहे. 'स्थानिक' या शब्दाला तिथे कायद्याचा आधार आहे, आणि तो आधार हॉटेलाने उभा केलेला नाही. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

हॉटेलाच्या खिडकीतून समोरच्या उतारावर देवदारांसारख्या झाडांचा एक त्रिकोणी तुकडा दिसतो. आजूबाजूला सगळा डोंगर बोडका, आणि गावाच्या बरोबर माथ्यावर तेवढेच रान. हे बंदीचे रान आहे. १३९७ साली या दरीतल्या लोकांनी लेख करून ठरवले की या रानातली फांदीसुद्धा कोणी तोडायची नाही. हिवाळ्यात वरून सुटणारा बर्फाचा लोट हे रान अडवते आणि ते गेले तर गाव जाईल, हे त्यांना कळले होते. मला आमच्या गावची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान, आठवली. काळकाईच्या राईतले वाळके लाकूडही आजी घरी आणू देत नसे. देवीचा कोप होतो, एवढेच ती सांगे. पण राईखालच्या झऱ्यावर अर्धे गाव उन्हाळा काढत असे, हेही तिला ठाऊक होते. उर्सेरनच्या लोकांनी ती भीती कागदावर उतरवून कायदा केला, आपण ती देवीवर सोपवली. देवीची भीती उरली नाही, त्या दिवसापासून राई उघडी पडली.

रान असूनही १९५१च्या जानेवारीत अँडरमाटवर हिमस्खलन कोसळले आणि १३ माणसे गेली. पुढे देशभर धोक्याचे नकाशे तयार झाले. लाल पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, निळ्या पट्ट्यात अटी घालूनच बांधता येते, आणि पंचतारांकित हॉटेललाही ही रेघ ओलांडता येत नाही. आपल्याकडे २०२१च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर, मीरगाव आणि ढोकावळे येथे रात्रीत डोंगर खाली आला आणि माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर याच रांगांत पर्यटन आणायचे असेल, तर कोणता उतार धोक्याचा आहे हे गटवार आणि ठळक रंगांत सांगणारा नकाशा प्रत्येक चावडीवर आधी लागायला हवा. रस्ता आणि रोपवे यांची रेघ त्यानंतर ओढावी.

जमिनीचा मुद्दा मात्र मला सर्वांत मोठा वाटतो. उर्सेरन दरीतील कुरणे आणि राने बहुतांशी एका सामाईक संस्थेची आहेत. दरीतील जुन्या घराण्यांची ही संस्था मध्ययुगापासून चालत आली आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, सभासद उघड्यावर जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात. १९४०च्या दशकात या दरीत प्रचंड धरण बांधून अँडरमाट, होस्पेंटाल आणि रेआल्प ही तिन्ही गावे पाण्याखाली घालण्याची योजना आली होती. वीज देशाला हवी होती, मोबदला देऊ केला होता, तरीही दरीने परवाना नाकारला. फेब्रुवारी १९४६ मध्ये तर संतापलेल्या जमावाने प्रकल्पाच्या अभियंत्याला गावाबाहेर घालवून दिले. शेवटी धरण शेजारच्या ग्योशेनरआल्पवर झाले आणि तेथील लहान वस्तीला आपली घरे सोडावी लागली. न्याय तिथेही सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही, हे मला लपवायचे नाही. पण हॉटेल ज्या गावात उभे आहे, ते गाव एकदा 'नाही' म्हणू शकले होते, म्हणूनच साठ वर्षांनी त्याने साविरिसांना दिलेल्या 'हो'ला वजन आले.

माझ्या आजीचे माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. त्या लोकांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांची नातवंडे अजूनही जमिनीच्या वाटपासाठी मोर्चे काढतात. आज जावळी आणि पाटणच्या घराघरांतली कर्ती माणसे मुंबईत, नवी मुंबईत माथाडी आहेत आणि गावी म्हातारी माणसे व कुलपे उरली आहेत. अशा गावात जमीन विकली जायला वेळ लागत नाही. आमच्या चुलत्यांनी सड्यावरची चार एकर एका एजंटला दिली, तेव्हा मुलीचे लग्न तोंडावर आले होते. पुढे त्या जमिनीला कुंपण पडले आणि गुरांची जुनी वाट बंद झाली. चुलत्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. चराईची वाट हा सगळ्या गावाचा हक्क आहे, तो एका सातबाऱ्याबरोबर विकला जाऊ नये, असे सांगणारी संस्था आमच्या गावात नव्हती, एवढेच मी म्हणते. अशी संस्था आपल्या मातीत रुजत नाही, हे मला मान्य नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे गावाची शेतजमीनही ग्रामदानात दिली.

शाश्वत, स्थानिक जेवण हा शब्दप्रयोग आता आपल्याकडच्या रिसॉर्टांच्या जाहिरातींतही येऊ लागला आहे, त्याबद्दल हिशेबनीस म्हणून मला थोडे सांगायचे आहे. हॉटेलच्या ताटात आल्प्लरमाग्रोनेन येते. मॅकरोनी, बटाटा, चीज, वर परतलेला कांदा आणि सोबत सफरचंदाची चटणी, असे हे गुराख्यांचे साधे जेवण. पाहुणा त्यासाठी घसघशीत किंमत मोजतो, पण त्या किमतीवर गुराखी जगत नाही. उन्हाळी कुरणावर एका गायीच्या १०० दिवसांच्या चराईमागे सरकार सुमारे ४०० फ्रँक देते, चढ्या उतारावरचे गवत कापण्याचे पैसे निराळे. हे अनुदान दयेपोटी दिलेले नाही. उतारावरचे गवत चरले किंवा कापले नाही, तर ते लांब वाढून आडवे पडते आणि हिवाळ्यात त्यावरून बर्फ घसरतो. गुरे हटली की उर्सेरनसारख्या दरीत झुडपांचे रान माजते आणि कुरण संपते. म्हणजे गायीने चरावे, ही गावाच्या सुरक्षेची बाब झाली आणि चीज तिच्या मागून आले. आमच्याकडे नाचणीची खाचरे पडीक पडू लागली, त्यांचे बांध ढासळले आणि पावसाचे पाणी माती घेऊन थेट ओढ्यात जाऊ लागले, पण बांध राखणाऱ्या म्हातारीला त्याचे कोणी काही देत नाही. मांघर हे महाबळेश्वर तालुक्यातील गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र मधमाशीला लागणारी राने आणि पठारावरची फुले टिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरले नाही तर मध फक्त बरणीवरच्या चिठ्ठीत राहील.

अँडरमाटमध्ये सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. परदेशी माणसाला स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीचे घर घेण्यावर कडक बंधने आहेत, आणि या प्रकल्पासाठी सरकारने ती सैल केली. एवढी मोठी सूट मला योग्य वाटत नाही. संध्याकाळी नव्या वसाहतीतून चालत गेले की अनेक सदनिकांत दिवा नसतो. मालक वर्षाकाठी थोडे आठवडे येतात. अशा घरांना तिथे 'थंड बिछाने' म्हणतात. या घरांना कंटाळूनच मार्च २०१२ मध्ये देशाने ५०.६ टक्के मतांनी कौल दिला की कोणत्याही गावात दुय्यम घरे २० टक्क्यांहून अधिक नसावीत. स्कीचेही तसेच आहे. मी पहाटे स्टेशनवरून चालत जाते, तेव्हा उतारावर बर्फ फवारणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येते. एक घनमीटर पाण्यापासून साधारण दोन घनमीटर बर्फ होतो, आणि हे पाणी नद्या सर्वांत रोडावलेल्या असतात अशा हिवाळ्यात लागते. गावामागच्या गेम्सश्टॉक डोंगरावर उन्हाळ्यात हिमनदीच्या तुकड्यावर पांढरे जाड कापड अंथरलेले मी पाहिले आहे, ती वितळू नये म्हणून. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून आपले सुमारे १० टक्के बर्फ गमावले. ते कापड पाहून माझ्या पोटात कालवले.

महाबळेश्वरच्या डोंगरावर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात भोवतालच्या वाड्यांवर टँकर येतो. तिथे प्रत्येक खोलीला न्हाणीटब आणि प्रत्येक बंगल्याला तलाव देणारे हॉटेल आले, तर पाणी कोणाच्या झऱ्याचे, हे मी आधी विचारीन. हॉटेल नकोच, असे मात्र मी म्हणत नाही. भावाच्या मुलाला वीस वर्षांनी गावातच चांगले काम मिळाले, तर मला हवेच आहे. जमीन विकत न देता गावाच्या संस्थेने भाड्याने द्यावी, सुट्टीच्या बंगल्यांवर आकड्याची मर्यादा असावी, धोक्याचे उतार आणि राया आराखड्यात आधीच वगळाव्यात, आणि ग्रामसभेचा नकार केवळ 'हरकती व सूचना' या रकान्यात न जाता बंधनकारक असावा. या चार गोष्टी असतील, तर हॉटेलच्या दारात पहिला नारळ मी फोडीन.

हे सारे मी रविवारी भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, काळकाईची राई कोणाच्या नावावर आहे, हेच आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही." गट नंबर शोधून सातबारा काढायला तो सोमवारी तलाठ्याकडे जाणार आहे.