बंब ‘अंबु’वरून आलेला नाही

‘बंब हा अस्सल संस्कृत शब्द. अंबु म्हणजे पाणी, त्यावरून बंब. पेशवाईतल्या वाड्यांत बंब होते, रक्तबंबाळ हा त्याचाच भाऊ आणि पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडून नेला.’ असा मजकूर पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या फिरतो आहे, सोबत पाणी तापवायच्या, तांब्याच्या लखलखीत बंबाचा फोटो. फोटो सुरेख आहे, व्युत्पत्ती चुकीची. गिझर आल्यापासून बंब आणि बंबफोड (बंबात जाळायचं बारीक फोडलेलं लाकूड) हे शब्द मुलांच्या कानावरच पडत नाहीत. उरलेल्या आठवणीला खोटी कुळकथा चिकटू नये, म्हणून हा खटाटोप.

आधी ‘अंबु’चं पाहू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. प्राकृतातून मराठीत उतरलेल्या संस्कृत शब्दांना एक वळण आहे: अनुनासिकाआधीचा ऱ्हस्व अ सहसा दीर्घ होतो. लम्बचं लांब झालं, दन्तचा दात, जम्बूचं जांभूळ. ज्या धातूचा बंब घडतो ते तांबंही ताम्रवरूनच आलं. बंब या वाटेने आला असता तर त्याचा ‘बांब’ झाला असता. शिवाय सुरुवातीचा ब कुठून आला? शब्दाच्या आरंभीचा स्वर गळतो, जसा अरघट्टचा रहाट होताना गळला. पण अ च्या आधी आपोआप ब उगवत नाही. मजकूर याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मग बंब आला कुठून? पोर्तुगीजमधून. त्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. शेवटचा आ मराठीत गळून पडणं नवं नाही: ‘फीता’ची फीत झाली आणि ‘पीपा’चं पीप, म्हणजे आपलं पिंप. बालदीही ‘बाल्द’वरून आलेली. जुन्या पुणेरी न्हाणीघरात ही मंडळी शेजारी शेजारी नांदत होती.

पंपाचं नाव पाणी तापवायच्या भांड्याला कसं लागलं, ही शंका मात्र रास्त आहे. उत्तर ‘आगीचा बंब’मध्ये आहे. पाणी फेकणाऱ्या पंपावरून नाव पाणी साठवणाऱ्या यंत्राकडे सरकलं. गुजरातीत ‘बंबो’ हे अग्निशामक गाडीचंही नाव आहे आणि पाणी तापवायच्या भांड्याचंही. पश्चिम उत्तर प्रदेशात शेताला पाणी देणाऱ्या लहान कालव्याला ‘बंबा’ म्हणतात. मलेशियात, जिथे पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं, अग्निशमन दलाला आजही ‘बोंबा’च म्हणतात. अंबुवाल्यांनी मलेशियातला हा आगीचा बंब आपल्या हिशेबात बसवून दाखवावा.

पेशवाईचा मुद्दा तर उलटाच पडतो. पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून होते, वसईत १५३४ पासून. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ मध्ये. दोनशे वर्षांच्या शेजारात शब्द इकडे यायला भरपूर वेळ होता. वाड्यांत बंब होते, एवढ्याने त्याचं संस्कृतपण सिद्ध होत नाही.

रक्तबंबाळबद्दल थोडक्यात. बंबाळमध्ये रेलचेलीचा, ओसंडण्याचा अर्थ आहे, पाण्याचा नाही. दोन अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही.

‘पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेला’ हे तर कालगणनेतच बसत नाही. याच गोतावळ्यातला मानला जाणारा ‘पंप’ इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नोंदला गेला होता. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये.

यात पुण्याचं काही कमी होत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत पत्रा ठोकून, मठारकाम करून घडवलेला बंब इथल्याच हातांचा आहे. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, खाली तोटी: नाव कुठूनही आलेलं असो, हे काम तांबटांचं. त्याचा अभिमान जरूर फॉरवर्ड करा.

आणि १५१० पूर्वीच्या एखाद्या मराठी पोथीत, ताम्रपटात किंवा शिलालेखात पाण्याच्या भांड्याला ‘बंब’ म्हटलेलं कुणी दाखवलं, तर मी हे सगळं मागे घेईन.