कुलगुरूंची सही आणि विद्यापीठाचा कारभार

“मुंबई विद्यापीठात काय शिकवायचे, कोणता अभ्यासक्रम बंद करायचा आणि विद्यार्थ्यांनी कसे वागायचे, काय घालायचे, हे सारे कुलगुरू एका सहीने ठरवतात, अधिसभा (सिनेट) शोभेपुरती असते आणि कारवाई झालेल्या विद्यार्थ्याला दाद मागायला जागाच नसते,” अशा आशयाचा संदेश विद्यार्थी-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यामागचा संताप समजण्यासारखा असला, तरी त्यातील बहुतेक विधाने कायद्याशी जुळत नाहीत, आणि त्यावर विसंबून अर्ज भलत्याच कार्यालयात नेला तर वेळ विद्यार्थ्याचाच जातो.

पहिले विधान सहीचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 नुसार अभ्यासक्रमाचा आराखडा त्या विषयाचे अभ्यास मंडळ तयार करते, तो विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे जातो आणि शैक्षणिक बाबींचा निर्णय ती परिषद घेते. कुलगुरू तिचे अध्यक्ष असल्यामुळे त्यांच्या मताला वजन असते, हे मान्य. तातडीच्या प्रसंगी स्वतः कृती करण्याचा अधिकारही कलम 12(7) त्यांना देते. मात्र त्याची कारणे संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवणे बंधनकारक आहे. संदेशात पुरावा म्हणून 2017 मधील उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा दाखला दिला आहे, पण तो अर्धाच सांगितला आहे. ती पद्धत घाईने लागू झाली, निकाल रखडले, कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, घालून दिलेली 31 जुलैची मुदतही उलटली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले.

अधिसभेविषयीचे विधान मात्र निम्मे खरे आहे. ती अभ्यासक्रम मंजूर करत नाही. तिच्यापुढे अर्थसंकल्प, लेखे आणि वार्षिक अहवाल येतात आणि त्यांवर सदस्य प्रश्न विचारू शकतात. नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागांची निवडणूक आधी लांबली, मग 22 सप्टेंबर 2024 चे मतदान ऐनवेळी स्थगित झाले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते 24 सप्टेंबरला घ्यावे लागले आणि दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. शोभेच्या मंडळासाठी इतकी ओढाताण कोणी करत नाही.

पेहरावाचे नियम विद्यापीठ लादते, हे विधान तर साफ चुकीचे आहे. 2024 मध्ये गाजलेली हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरील बंदी चेंबूरच्या एका महाविद्यालयाने स्वतः घातली होती. उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्टला या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात बुरख्याला मुभा दिली नाही.

राहिला दाद मागण्याचा प्रश्न. संदेशात जोडलेले निलंबनाचे प्रकरण मुळात देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे आहे. ते अभिमत विद्यापीठ, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था, असल्याने त्याला राज्याचा हा अधिनियम लागूच नाही. तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला 2024 मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले गेले. उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली, परंतु मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोवर भोगलेल्या काळापुरते निलंबन कमी करून त्याचा संशोधनाचा मार्ग मोकळा केला. शुल्क, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे किंवा निकालातील विलंब यांसारख्या तक्रारींसाठी न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर विद्यापीठाने याच तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. ही वाट वेळखाऊ ठरू शकते, पण ती अस्तित्वात आहे.

खरी उणीव संदेशाने पाहिलीच नाही. 2016 च्या याच राज्य अधिनियमाने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची, आणि निवडून आलेल्या अध्यक्षाला अधिसभेत बसवण्याची तरतूद केली. तरीही त्या निवडणुका वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या नाहीत आणि विद्यार्थ्यांविषयीचे निर्णय त्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधीविना होत राहिले. या आक्षेपाला माझ्याकडे प्रतिवाद नाही.